घरातील चूल: सुरक्षित कशी बसवावी, कशी वापरावी आणि धुराचे आजार कसे ओळखावेत

दर हिवाळ्यात दवाखान्यात एक ठरलेला प्रसंग घडतो. साठीच्या पुढची एखादी आजी मुलासोबत येते. पायऱ्या चढताना दम लागतो, सकाळी खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते. बिडी कधी ओढलेली नाही. मी विचारतो, "स्वयंपाक कशावर करता?" मुलगा लगेच सांगतो, "गॅस आहे डॉक्टर, चार-पाच वर्षं झाली." आजी मात्र हळूच म्हणते, "गॅस हाय, पण पाणी अन् भाकरी चुलीवरच."

खरे उत्तर आजीचे असते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील अनेक घरांत गॅस आणि चूल दोन्ही चालतात. चहा, भाजी गॅसवर. आंघोळीचे पाणी, भाकरी, डाळ, जनावरांचे आंबोण चुलीवर. त्यामुळे "आमच्याकडे गॅस आहे" एवढ्यावर धुराचा प्रश्न संपत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही फक्त बिडी-सिगारेटची चौकशी करून थांबत असे. त्यामुळे काही रुग्णांच्या दम्याचे खरे कारण मला उशिरा कळले.

हा लेख अशा घरांसाठी आहे. चूल लगेच बंद करा, असे सांगून उपयोग नाही, हे मला माहीत आहे. पण चूल राहणार असेल, तर धुराला घराबाहेर जायची वाट हवी आणि आगीला माणसापासून अंतर हवे.

थोडक्यात महत्त्वाचे

• गॅस असेल तर रोजचा जास्तीत जास्त स्वयंपाक गॅसवर करा.
• चूल घराबाहेर, उघड्या छपरीत ठेवणे सर्वांत चांगले.
• चूल घरातच ठेवावी लागत असेल, तर छताच्या वर जाणारे धुराडे बसवा आणि ते महिन्यातून एकदा साफ करा.
• कोळशाची शेगडी किंवा पेटता बंब बंद खोलीत कधीही ठेवू नका. यात एका रात्रीत जीव जाऊ शकतो.
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर "धुराने आहे" असे समजून घरी बसू नका.

धूर शरीरात काय करतो?

लाकूड पूर्ण जळत नाही, तेव्हा धूर होतो. या धुरात अतिशय बारीक कण असतात. त्यांना पीएम २.५ म्हणतात. हे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पटींनी लहान असल्यामुळे नाकात किंवा घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभराच्या हवेत या कणांची सरासरी प्रति घनमीटर १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. भारताचे मानक ६० आहे. धुराडे नसलेल्या चुलीजवळ स्वयंपाकाच्या वेळी हाच आकडा कित्येक शेकड्यांत जातो. स्वयंपाक करणारी बाई तीस-चाळीस वर्षे रोज दोन-तीन तास याच हवेत बसलेली असते, आणि कडेवर किंवा मांडीवर लहान मूल असते.

याचे परिणाम असे होतात:

• सीओपीडी: श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. बिडी न ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये या आजाराचे चुलीचा धूर हे एक मोठे कारण आहे.
• लहान मुलांमध्ये न्यूमोनिया.
• आधीपासून दमा असेल तर तो बळावणे.
• हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा वाढलेला धोका.
• डोळ्यांची जळजळ, सतत पाणी येणे. मोतीबिंदूशीही धुराचा संबंध आढळला आहे.
• गर्भवतीच्या बाळाचे वजन कमी भरणे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

घर बदलले, धुराची वाट बंद झाली

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत छताला साणे असायचे. त्यातून उजेड आत यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. ती व्यवस्था पुरेशी नव्हती, पण धुराला काही वाट तरी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड माळवदे आणि दगड-मातीच्या भिंती कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर औसा, निलंगा भागात नवी घरे बांधली गेली. इतरत्रही हळूहळू स्लॅब आणि पत्रे आले. घर सुरक्षित झाले हे योग्यच झाले. पण स्लॅबला साणे नसते. अशा खोलीत जुन्याच पद्धतीची चूल मांडली, तर धूर छताला धडकून खाली स्वयंपाक करणाऱ्यावरच येतो.

धुराड्याची चूल आपल्याला नवी नाही. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्या काळात, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, हैदराबाद इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीत एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली मातीची चूल तयार करून तिचा प्रसार केला होता. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून "निर्धूर चूल" गावोगावी पोहोचली. त्यांतल्या बऱ्याच चुली काही वर्षांत मोडल्या किंवा तुंबल्या. म्हणून चूल बसवण्याइतकेच तिची निगा राखणे महत्त्वाचे आहे. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

चूल कुठे असावी?

खालील क्रम चांगल्याकडून कमी चांगल्याकडे जातो. तुमच्या घराला जमेल तो वरचा पर्याय निवडा.

१. अंगणात किंवा परसात, तीन बाजूंनी उघड्या छपरीत. वर पत्रा आणि वाऱ्याच्या बाजूला कमरेएवढी भिंत पुरते. छपरी घराच्या खिडकी-दाराला लागून नसावी, नाहीतर धूर पुन्हा घरात येतो.

२. वेगळ्या स्वयंपाकखोलीत, धुराड्यासह. खोलीला समोरासमोर दोन खिडक्या किंवा एक दार आणि एक खिडकी हवी.

३. राहत्या खोलीत, धुराड्यासह. या खोलीत तान्हे बाळ, गर्भवती किंवा दमेकरी माणूस झोपत असेल, तर चूल दुसरीकडे हलवा.

राहत्या खोलीत धुराड्याशिवाय चूल ठेवणे हा पर्याय समजूच नका.

जागा ठरवताना एवढे पाहा:

• चुलीपासून निदान ३ फुटांच्या आत लाकडी फळी, कपड्यांची दोरी, बारदाना, कडबा, भुसकट किंवा प्लॅस्टिक नसावे.
• दारातून येणारा वारा थेट चुलीच्या तोंडावर येऊ नये. ज्वाळा बाहेर येते आणि धूरही खोलीत पसरतो.
• गॅस सिलिंडर आणि चूल एका खोलीत ठेवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, आणि आपली चूल जमिनीवरच असते. गळतीचा वास आला तर शक्य असल्यास रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेचे कोणतेही बटण दाबू नका, सर्वांना बाहेर काढा आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.
• ऊसतोडीच्या किंवा शेतातील कोपीत चूल आत मांडू नका. पाचटाला ठिणगी लागली की बाहेर पडायला वेळ मिळत नाही. चूल कोपीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला मांडा.

धुराडे कसे बसवावे?

हे काम गावातील गवंडी आणि पत्र्याचे काम करणारा कारागीर मिळून करू शकतात. त्यांना पुढील गोष्टी सांगा.

पाइप: एका चुलीला आणि तिच्या वैलाला साधारण ४ इंच व्यासाचा पत्र्याचा पाइप चालतो. प्लॅस्टिकचा म्हणजे पीव्हीसीचा पाइप कधीही लावू नका. नळकामातला उरलेला पाइप धुराड्याला जोडलेला मी पाहिला आहे. तो उष्णतेने वितळतो, पेटू शकतो आणि त्यातून विषारी धूर निघतो.

मार्ग: पाइप शक्य तितका सरळ वर न्या. प्रत्येक वळणावर धुराची ओढ कमी होते आणि काजळी साचते. वळण द्यावेच लागले तर काटकोनात न देता तिरपे द्या. आडवा पाइप लांब ठेवू नका.

उंची: पाइप छतातून जिथे बाहेर पडतो, तिथून निदान ३ फूट वर असावा. १० फुटांच्या आत शेजारची भिंत, पाण्याची टाकी किंवा उंच पत्रा असेल, तर त्याहून २ फूट उंच असावा. पाइप छताच्या खाली किंवा भिंतीबाहेर लगेच संपवला, तर वारा धूर परत आत ढकलतो.

टोपी: पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून वर पत्र्याची टोपी लावा. टोपी आणि पाइपाचे तोंड यांत ४ ते ६ इंच मोकळी जागा हवी.

छतातून नेताना:
• स्लॅब असेल तर स्वतः छिद्र पाडू नका, आतल्या सळ्या तुटू शकतात. पाइप भिंतीतून तिरपा बाहेर काढून बाहेरच्या बाजूने वर नेणे सोपे जाते.
• साधा पत्रा असेल तर पाइपाभोवती पत्र्याची पट्टी बसवून फट बंद करा. पाइपाजवळ लाकडी वासा असेल तर दोघांत दीड फूट अंतर ठेवा.
• जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला अतिशय घातक असते. अशा पत्र्याला छिद्र न पाडता भिंतीतून पाइप काढा.
• पाचट किंवा गवताच्या छतातून पाइप नेऊ नका.

आग आणि भांडे: चुलीच्या तळाशी लोखंडी जाळी ठेवली तर जळणाला खालून हवा मिळते आणि धूर कमी होतो. भांडे चुलीच्या तोंडावर नीट बसले पाहिजे. भांड्याच्या कडेने मोठी फट राहिली, तर धूर पाइपात न जाता खोलीतच येतो. वैलावर भांडे नसेल तेव्हा त्यावर झाकण ठेवा.

वाळवणे: नवी मातीची चूल आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या, मग दोन-तीन दिवस थोडासाच जाळ करा. ओल्या चुलीवर एकदम मोठा जाळ केला तर तिला तडे जातात आणि त्यांतून धूर गळतो.

तपासणी: चूल पेटवल्यावर तिच्या तोंडाजवळ जळती उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला तर धुराडे चालते आहे. धूर तुमच्याकडे आला तर पाइप तुंबला आहे, उंची कमी आहे किंवा कुठेतरी फट आहे. त्याच खोलीत एग्झॉस्ट फॅन असेल तर तो सुरू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा तपासा. दारे-खिडक्या बंद असतील तर फॅन कधी कधी धुराड्यातला धूर उलटा खोलीत ओढतो.

जळण कोणते आणि कसे?

आपल्याकडे तुराट्या, पळाट्या, धसकटे, बाभळीचे सरपण आणि गोवऱ्या, जे मिळेल ते चुलीत जाते. सगळ्यांचा धूर सारखा नसतो. साधारणपणे वाळलेल्या लाकडापेक्षा पिकांचे अवशेष आणि गोवऱ्या जास्त धूर करतात. ओले लाकूड कोणतेही असो, ते धुमसते.

• लाकूड फोडून, पावसापासून झाकून आणि जमिनीपासून थोडे उंच रचून वाळवा. सहा महिने वाळलेले लाकूड उत्तम. पावसाळ्याचे जळण उन्हाळ्यातच आत घ्या.
• मनगटापेक्षा बारीक फोडी वापरा. एकदम चूल भरू नका, दोन-तीन लाकडे पुढे सरकवत राहा.
• तुराट्या, पळाट्या फक्त जाळ धरण्यासाठी वापरा. पुढचा जाळ लाकडावर ठेवा.
• डाळ आधी भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा, कुकर वापरा. चूल जितका कमी वेळ जळेल तितका धूर कमी.
• स्वयंपाक झाल्यावर चूल धुमसत ठेवू नका. निखारे बाहेर काढून पाणी शिंपडून विझवा.

चुलीत काय घालू नये: कॅरीबॅग, दुधाच्या पिशव्या, टायरचे तुकडे, रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, फवारणीच्या औषधांचे डबे किंवा खोकी. कॅरीबॅगने चूल पटकन पेटते म्हणून अनेक घरांत ती सवय आहे. त्या धुरातील रसायने लाकडाच्या धुरापेक्षाही घातक असतात. वाळलेली चिपाडे किंवा बारीक काटक्या वापरा.

भाजण्याचे अपघात कसे टाळावेत?

• रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेल ओतून चूल पेटवू नका. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यावर रॉकेल टाकले की भडका थेट तोंडावर येतो.
• रॉकेल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. लहान मुलाने ते प्यायले तर उलटी करायला लावू नका, ते फुप्फुसात जाते. लगेच रुग्णालयात न्या.
• चुलीपुढे बसताना पदर कमरेला खोचा. नायलॉन किंवा टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते, म्हणून सुती कपडे घाला.
• रांगणारे मूल घरात असेल तर चुलीभोवती दोन-अडीच फूट उंचीचा विटांचा ओटा किंवा अडसर करा. उकळत्या पाण्याचे भांडे काठावर ठेवू नका.
• पाण्याची बादली आणि वाळूची पाटी चुलीजवळ कायम ठेवा. पेटलेल्या तेलावर मात्र पाणी टाकू नका, झाकण ठेवा.
• कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर झोपून लोळा. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी गुंडाळावी.

भाजल्यास: भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ, तेल काहीही लावू नका. चेहरा, हात, गुप्तांग किंवा सांध्यावर भाजले असेल, रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर १०८ ला फोन करा.

शेगडी आणि बंब: न दिसणारा धोका

धूर दिसतो, डोळ्यांत जातो, म्हणून आपण खोलीबाहेर तरी पडतो. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. माणसाला गुंगी येते आणि उठून दार उघडण्याइतकी शक्तीही राहत नाही.

हा धोका तीन ठिकाणी जास्त असतो:

• थंडीच्या रात्री खोली बंद करून उबेसाठी ठेवलेली कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी.
• न्हाणीघरात पेटवलेला पाण्याचा बंब. बंब बाहेर पेटवा, पाणी बादलीने आत न्या. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरलाही हाच नियम लागू आहे.
• बाळंतिणीची खोली.

यातली तिसरी गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्यांना पडदे लावतात, दार ओढतात आणि बाजेखाली किंवा शेजारी शेगडी ठेवतात. वरून ओवा, शेपा यांची धुरी देतात. यामागे माया असते. पण नवजात बाळाचा श्वास आपल्यापेक्षा जलद असतो, त्यामुळे वजनाच्या मानाने ते अधिक धूर आत घेते, आणि आई बाळंतपणाने आधीच थकलेली असते. शेक द्यायचा असेल तर कापड दुसरीकडे गरम करून आणा. निखारे खोलीत नकोत. बाळाला उबेसाठी आईच्या उघड्या छातीशी धरा, डोक्याला टोपडे घाला, कपड्यांचे दोन थर घाला. घरातील वडीलधाऱ्यांना हे समजावणे सुनेला अवघड जाते. ते काम बाळाच्या बापाने करावे.

लक्षणे: डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे, बेशुद्धी. घरातील दोन-तीन जणांना एकाच वेळी हे झाले आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर हाच संशय घ्या.

काय करावे: दारे-खिडक्या उघडा, रुग्णाला बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. बरे वाटले तरी रुग्णालयात न्या. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात; शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर साधारण तास-दीड तास. गर्भवती असेल तर अजिबात वेळ घालवू नका.

कोविडच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतील फरक कळत नाही. माणूस बेशुद्धीकडे जात असताना यंत्र ९८ दाखवू शकते.

चुलीची निगा: इथेच बहुतेक घरे चुकतात

ओडिशात सुधारित चुलींवर चार वर्षे चाललेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या शरीरात जाणारा धूर कमी झाला. दुसऱ्या वर्षापासून तो फायदा दिसेनासा झाला, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची दुरुस्ती झाली नाही. आपल्याकडच्या निर्धूर चुलींचेही बऱ्याच ठिकाणी हेच झाले.

• रोज: राख काढा.
• आठवड्यातून एकदा: चूल आणि वैल यांमधील बोगद्यातील काजळी काढा. तडे गेले असतील तर माती-शेणाने लिंपा.
• महिन्यातून एकदा: पाइप साफ करा. तुराट्या, पळाट्या जास्त जाळत असाल तर दर पंधरा दिवसांनी. दोरीला काथ्याचा कुंचा बांधून वरून खाली ओढा. पाइपाच्या खालच्या टोकाला उघडणारे झाकण ठेवले तर काजळी काढणे सोपे जाते.
• पावसाळ्याआधी: टोपी, सांधे आणि गंज तपासा.

पाइप साफ करताना चूल पूर्ण थंड असावी आणि नाका-तोंडावर मास्क असावा. छतावर चढण्याचे काम घरातील धडधाकट माणसाने करावे. तारीख लक्षात राहत नसेल तर महिन्याची अमावस्या धरा.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

लहान मूल: ताप-खोकला असताना बाळ शांत असेल तेव्हा पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध पीत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर थांबू नका.

मोठी माणसे: पुढीलपैकी काही असेल तर दाखवा.
• चालताना बरोबरीच्या माणसांपेक्षा मागे पडणे, पाणी आणताना मध्येच थांबावे लागणे.
• वर्षातून काही महिने रोज सकाळी बेडका पडणे.
• छातीत घरघर किंवा वारंवार "सर्दी छातीत उतरणे".
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन घटणे, संध्याकाळचा ताप, थुंकीत रक्त. ही क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. बेडक्याची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

डॉक्टरांना आपणहून सांगा: "मी इतकी वर्षे चुलीपुढे स्वयंपाक केला आहे." या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.

सीओपीडीचे निदान फक्त एक्स-रेवर होत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री ही फुंकण्याची तपासणी लागते. ती दुखत नाही, पंधरा-वीस मिनिटांत होते. तालुक्याला सोय नसेल तर नांदेडमध्ये विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरमध्ये विलासराव देशमुख शासकीय आयुर्विज्ञान संस्थेत श्वसनविकार विभागात चौकशी करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

धुराडे बसवले की धोका संपला का?
नाही, कमी होतो. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुलींवर झालेल्या एका अभ्यासात बाळांच्या शरीरात जाणारा धूर सुमारे निम्मा झाला आणि गंभीर न्यूमोनिया कमी झाला, पण एकूण न्यूमोनियात स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणून गॅस किंवा वीज परवडत असेल तर तेच चांगले.

तोंडाला पदर बांधला तर?
पदराने राख आणि मोठे कण अडतात. बारीक कण आणि वायू अडत नाहीत.

चुलीवरच्या भाकरीची चव सोडवत नाही.
ती चव निखाऱ्याच्या शेकाने येते, धुराने नाही. भाकरी बाहेरच्या चुलीवर करा. आंघोळीचे पाणी आणि डाळ या दोन गोष्टी जरी चुलीवरून हलवल्या, तरी धुराचा वेळ बराच कमी होतो.

धुराने डास जातात ना?
थोडे पांगतात. त्यासाठी फुप्फुस पणाला लावण्यात शहाणपण नाही. मच्छरदाणी वापरा.

सिलिंडर परवडत नाही.
घरातील स्त्रीच्या नावावर उज्ज्वला योजनेची जोडणी मिळते का, राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत तुमचे नाव बसते का आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे गॅस एजन्सीत विचारा. सिलिंडर पुरवून वापरायचा असेल तर तो घरात गर्भवती, तान्हे बाळ किंवा दमेकरी असतानाच्या दिवसांसाठी आधी वापरा.

पंपाची सवय लागते का?
नाही. इन्हेलरमध्ये औषध थेट श्वासनलिकेत जाते आणि कमी मात्रा पुरते. पण पंप घ्यायचा आणि पुन्हा धुरातच बसायचे, असे केले तर औषधाचा फायदा अर्धवटच मिळतो.

आज घरी करून पाहा

स्वयंपाक सुरू असताना घरातील कर्त्या पुरुषाने चुलीपुढच्या पाटावर दहा मिनिटे बसावे, भाकरी भाजून होईपर्यंत. डोळे चुरचुरले, खोकला आला, तर धुराडे बसवायचे की चूल बाहेर हलवायची, हे त्याच संध्याकाळी ठरवा. दवाखान्यात येणाऱ्या आजींची फुप्फुसे मी पूर्ववत करू शकत नाही. त्यांच्या सुनेची आणि नातीची मात्र अजून वाचवता येतात.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. त्रास होत असल्यास प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. तातडीच्या वेळी १०८ ला फोन करा.)